पेणहून आलेली माती

विष्णु टिपणीस यांनी एकतीस वर्षं रोह्याच्या शाळेत भूमिती शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनात एकच इच्छा उरली होती. परसात भाजी लावायची.

इच्छा काही अवघड नव्हती. घर नदीपलीकडच्या अष्टमी गावात, पूल ओलांडला की पाच मिनिटांवर. मागे तीस बाय अठरा फुटांचं परस, उताराच्या टोकाला चार माड, आणि मे महिन्यातसुद्धा पाणी टिकणारी विहीर. अशा जागेत कुणी नुसतं मूठभर बी भिरकावलं असतं तरी काहीतरी उगवलं असतं. पण टिपणीस सर बी भिरकावणाऱ्यांतले नव्हते. पहिल्या वर्षी त्यांनी आलेखाच्या कागदावर परसाचा आराखडा काढला. वांग्यांना जांभळा रंग, मुळ्याला पांढरा, मेथीला पोपटी. आराखडा रंगवून झाला तेव्हा डिसेंबर संपत आला होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी पिकांच्या फेरपालटीबद्दल वाचलं. एकाच जागी दरवर्षी एकच भाजी लावू नये, हे कळल्यावर पुढच्या चार वर्षांत कुठे काय येणार हे ठरवल्याशिवाय या वर्षी काय लावायचं ते ठरवता येईना. तो हंगामही गेला.

त्यांची बायको वृंदाताई पोस्टात काउंटरवर होत्या. समोर आलेल्या माणसाचं काम दोन मिनिटांत उरकून शिक्का मारायचा आणि पुढच्याला बोलवायचं, अशी त्यांची रीत. दोन हंगाम त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी गणपती विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत जमिनीत बी गेलं नाही, तर मी परसात फरशी घालून घेणार आहे."

"अगं, पण सावल्यांचा अभ्यास..."

"फरशी. शहाबादी."

सर कामाला लागले. वृंदाताईंच्या धमकीखेरीज आणखी एक कारण होतं, आणि ते पेणला राहत होतं. वृंदाताईंचे मोठे भाऊ दत्तात्रेय गुप्ते, तेही निवृत्त. त्यांनी पेणला घराच्या गच्चीवर चाळीस कुंड्यांची बाग केली होती, आणि रोज सकाळी सात वाजता घरच्यांच्या ग्रुपवर फोटो यायचा. कधी परडीभर टोमॅटो, कधी मिरच्यांचं तोरण, कधी बाळ कडेवर घ्यावं तसा दुधी घेतलेले स्वतः दत्तात्रेय, भरघोस मिशांखाली हसत. खाली लिहिलेलं असे: आजची तोडणी. भाचे-पुतणे हात जोडायचे, बदाम पाठवायचे. टिपणीस सर अंगठा पाठवायचे आणि उरलेला दिवस गप्प असायचे.

सावल्यांचा अभ्यास चार दिवस चालला. सर दर तासाला परसात जाऊन प्रत्येक माडाच्या सावलीच्या टोकाला एक खुंटी ठोकत. चौथ्या दिवशी परसात इतक्या खुंट्या झाल्या की वृंदाताई धुण्याची बादली घेऊन दोनदा अडखळल्या. शेवटी निष्कर्ष निघाला. परसात सर्वांत जास्त ऊन, म्हणजे साडेसहा तास, एकाच पट्ट्यात पडत होतं, आणि त्या पट्ट्यावर कपडे वाळत घालायची दोरी होती.

"दोरी हलवावी लागेल," सर म्हणाले.

"कुठे?"

"माडांकडे. सावलीत."

"म्हणजे वांगी उन्हात आणि तुमचे लेंगे सावलीत? दमट लेंगे घालून फिराल?"

सरांनी विचार केला. दमट लेंग्यांबद्दल आराखड्यात काही तरतूद नव्हती. दोरी तिथेच राहिली, वाफा तिच्याखाली आला.

आता खणायचं. घराच्या कडेची खोली सरांनी हिरामण आणि त्याची बायको सीताबाई यांना भाड्याने दिली होती. दोघं पेणच्या खाडीकडच्या गावातले. हिरामण धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, त्याच्या बापाने जन्मभर मिठागरात काम केलेलं. सीताबाई लहानपणापासून शेताच्या बांधावर भाजी लावत आलेली. ती रोज सरांच्या खुंट्या बघून जात होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

सुट्टीच्या दिवशी हिरामण कुदळ घेऊन आला. सरांनी त्याला सांगितलं, दीड फूट खोल. सगळी जुनी माती बाहेर काढायची.

हिरामणने एक वाफा खणला आणि घाम पुसत विचारलं, "सर, भाजी लावायचीय का विहीर पाडायचीय?"

"जुनी माती नको आपल्याला. तांबडी आहे. तिच्यात दम नाही."

सीताबाईने बाहेर काढलेल्या ढिगातलं एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं आणि सोडलं. ते भुसभुशीत होऊन खाली पडलं. "सर, माती बेस हाय ही. शेण घाला नि लावा. आमच्या गावाला अशी गावली असती तर आमी हिला देव्हाऱ्यात ठेवली असती."

"सीताबाई, तुम्ही म्हणता ते अनुभवाचं आहे," सर समजुतीने म्हणाले, "पण काळ्या मातीची गोष्टच वेगळी."

काळ्या मातीची गोष्ट त्यांना दत्तात्रेयांनी सांगितली होती. गच्चीवरच्या बागेचं गुपित काय, असं सरांनी फोनवर विचारलं होतं. विचारताना त्यांना किती कष्ट पडले हे त्यांचं त्यांनाच माहीत. पलीकडून दत्तात्रेय म्हणाले होते, "माती, विष्णुराव! सगळं मातीत आहे. यंदा मी सगळ्या कुंड्यांत नवीन भरली. काळीभोर, लोण्यासारखी. तुम्हाला पाठवतो एक टेम्पो. नाही नाही, ऐकणार नाही मी. बहिणीच्या घरी भाजी पिकली तर मला आनंदच आहे."

टेम्पो गुरुवारी आला. ड्रायव्हर घाईत होता. परसात जायची वाट अरुंद, म्हणून त्याने सगळी माती पुढच्या फाटकातच ओतली आणि निघून गेला. फाटक अर्धं गाडलं गेलं, स्कूटर आत अडकली, आणि वृंदाताईंना बाजारातून परत येताना शेजाऱ्यांच्या गडग्यावरून चढून यावं लागलं. पण माती खरोखर काळी होती. सरांनी ढिगाऱ्यावर हात फिरवला. ती हाताला मऊ, ओलसर, चिकट लागली. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या निरोप समारंभातही नव्हतं तसं समाधान होतं.

दुपारी हिरामण पहिली शिफ्ट करून आला. फाटकाशी थांबला. ढिगाऱ्याकडे बघितलं, वाकून वास घेतला. मग चिमूटभर माती उचलून त्याने जिभेवर ठेवली.

"अरे, काय करतोस?" सर ओरडले.

हिरामणने शांतपणे चव घेतली, बाजूला थुंकला. "सर, ही माती आमटीत घातलीत तर वरून मीठ घालायला नको."

"म्हणजे?"

"खाजणातली हाय. उधाणाचं पाणी चढतं तिथली." त्याने हाक मारली, "सीते, बघ गो जरा."

सीताबाईने चिमूट घेतली, डोळे मिटून चाखली. "व्हय. आपल्याच गावाच्या अंगाची दिसते. खाडीच्या बांधाभायेरची." ढिगात बोट घालून तिने एक पांढरं काहीतरी बाहेर काढलं. खेकड्याची नांगी होती. "बघा सर, कालवणाची पण सोय हाय."

वृंदाताईंनीही चाखली आणि तोंड वाकडं केलं. "कैरीच्या लोणच्याला घालतो तेवढं मीठ आहे हो यात."

सर मात्र चवीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. सिद्धता हवी. त्यांनी दोन वाट्या माती पाण्यात कालवली, फडक्यातून तीनदा गाळली, आणि ते पाणी वृंदाताईंच्या चहाच्या पातेल्यात घालून गॅसवर ठेवलं. चौघं स्वयंपाकघरात उभे राहिले. पाणी उकळलं, आटलं, शेवटी तडतडलं, आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर उरला. सरांनी बोटाने थोडा उचलून जिभेला लावला. मग आणखी थोडा उचलून पुन्हा लावला.

"मीठ," ते शेवटी म्हणाले.

"माझं पातेलं," वृंदाताई म्हणाल्या.

सर खुर्चीवर बसले. "दत्तात्रेयरावांनी हे मुद्दाम केलं," ते म्हणाले. "आमची भाजी उगवू नये म्हणून. सख्ख्या बहिणीच्या परसात मीठ पेरलं त्यांनी. मी आत्ता फोन करतो."

"फोन नको. फोनवर दादा दुसऱ्याला बोलू देत नाही. उद्या जाऊ पेणला. आणि मुद्दाम वगैरे काही नाही, दादाला एवढं सुचत नाही."

सरांनी पुरावा म्हणून मूठभर माती स्टीलच्या डब्यात भरली. सकाळी पहिल्या एसटीने दोघं निघाली. भिसे खिंडीच्या वळणांवर सरांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "नैवेद्य आहे का?" सर म्हणाले, "हो, एकाला दाखवायचाय." सात वाजता मोबाईल वाजला. ग्रुपवर दत्तात्रेय होते. गच्चीत उभे, मिशांखाली हसू, कडेवर दुधी. आजची तोडणी. सरांनी फोन वृंदाताईंच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पेणला दत्तात्रेयांच्या घराची घंटा वाजवली. दार दत्तात्रेयांनीच उघडलं. एक क्षण दोघांनीही त्यांना ओळखलं नाही. त्यांना मिशाच नव्हत्या. ओठावरची जागा उघडी, गुळगुळीत, बाकीच्या चेहऱ्यापेक्षा दोन छटा गोरी.

"दादा, मिशी?" वृंदाताईंनी विचारलं.

"काढली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. सुनेचं म्हणणं, तरुण दिसतो." दत्तात्रेयांनी ओठावरून हात फिरवला. "पण असे अचानक? या, या! डब्यात काय आणलंस, बेसनाचे लाडू?"

वृंदाताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून मोबाईल काढला आणि भावाच्या चेहऱ्याशेजारी धरला. फोनमध्ये मिशा होत्या. दारात नव्हत्या.

"हा आज सकाळचा फोटो ना, दादा?"

दत्तात्रेयांनी फोटोकडे बघितलं. मग बहिणीकडे. मग पायांतल्या सपातांकडे.

"गच्चीवर चला," ते खालच्या आवाजात म्हणाले.

गच्चीवर चाळीस कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि चाळीसही कुंड्यांत काड्या उभ्या होत्या. पानं करपून गळून पडली होती. काळ्या मातीवर पांढरट पापुद्रा आला होता, वर पारदर्शक पत्र्याचं छप्पर असल्यामुळे एक थेंब पाऊस त्या मातीला लागला नव्हता. दुधीचा वेल मांडवावर दोरीसारखा वाळून लटकत होता.

"हे कधीपासून?" सरांनी विचारलं.

"नवी माती भरल्यापासून. आधी मिरच्या गेल्या. मग वांगी. मला वाटलं बी खराब, दुसरं आणलं. ते तर वरच आलं नाही. मग वाटलं कीड असेल, निंबोळीचा अर्क मारला. जास्त पाणी घातलं, कमी पाणी घातलं." दत्तात्रेय एका उलट्या बादलीवर बसले.

"आणि तरीही तीच माती आम्हाला पाठवलीस?" वृंदाताईंचा आवाज चढला.

"काळी आहे गं ती! दिसायला किती चांगली आहे! टेम्पोवाला म्हणाला, शेतातली आहे. आणि मी विष्णुरावांना फोनवर सांगून बसलो होतो. मग म्हटलं, रोह्याला उगवलं तर माती चांगली, चूक माझी. नाही उगवलं तर..." ते थांबले.

"तर आमची चूक," सर म्हणाले.

"तर मग मी एकटाच नाही, असं कळलं असतं."

सरांनी डब्याचं झाकण उघडून पुढे केलं. "चाखा."

दत्तात्रेयांनी आधी डब्याकडे, मग सरांकडे बघितलं. विष्णुराव आता आपल्याला माती खायला लावणार, याची त्यांना खात्री पटलेली दिसली, आणि ती शिक्षा त्यांनी मुकाट्याने स्वीकारली. चिमूट तोंडात टाकली. त्यांचे डोळे मोठे झाले.

"खारट आहे!"

"खाजणातली आहे. आमच्या हिरामणने एका क्षणात ओळखलं."

दत्तात्रेय उठले. एका कुंडीतली माती चाखली. मग दुसऱ्या कुंडीतली. मग पळत जाऊन अगदी कोपऱ्यातल्या कुंडीतली. "हीसुद्धा! म्हणजे माझा हात बिघडला नाही! महिनाभर मला वाटतंय, माझा हात बिघडला." आणि ते तिथेच, काळपट ओठांनी, हसायला लागले.

मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "सकाळी सातला फोटो गेला नाही, तर सगळे विचारतील ना, काय झालं म्हणून. काय सांगणार होतो? मग गेल्या वर्षीचे पाठवत गेलो. मिशी काढताना हे डोक्यातच आलं नाही."

भांडण करायचं ठरवून आणलेली सगळी वाक्यं सरांच्या डोक्यातून कुठे गेली कोण जाणे. दोन वर्षं ज्या गच्चीचा त्यांना हेवा वाटत होता तिथे ते उभे होते, आणि त्यांना त्या बादलीवर बसलेल्या माणसाचा हात धरावासा वाटला. तेवढं काही त्यांना जमलं नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे तांबडी माती आहे. बरीच. खणून ठेवलेली. रविवारी पोती घेऊन या."

रविवारी दत्तात्रेय चौदा पोती आणि खाकी हाफ पँट घेऊन अष्टमीला हजर झाले. परसाचा ताबा सीताबाईने घेतला होता. वृंदाताईंनीच तो तिला दिला होता, सरांना न विचारता.

"काली माती पयली माडांना घाला," तिने सांगितलं. "माडाला खारं आवडतं. उतार पण तिकडंच हाय, मीठ वाफ्याकडं यायचं नाय."

हिरामणने घमेली भरली, दोन्ही निवृत्तांनी ती वाहिली. फाटकापासून माडापर्यंत, दर फेरीला दोघं एकदा थांबून पाठ धरत. दुपारपर्यंत फाटक मोकळं झालं, स्कूटर सुटली, आणि चारही माड गुडघाभर काळ्या मातीत उभे राहिले. मग तांबड्या मातीची वाटणी. सरांच्या मते पोती तीनचतुर्थांश भरायची ठरली होती. दत्तात्रेयांच्या मते पोतं म्हणजे तोंड शिवता येईल एवढं. खड्डे दीड फूट खोल होते, आणि माती पेणला गेली तर ते भरणार कशाने, हा प्रश्न सरांना आत्ता पडला.

"तुमी खनलंच कशाला एवढं?" सीताबाई म्हणाली. "मुळ्याला काय तलघर पायजे होतं? हितं पालापाचोला भरा खाली, त्यावर शेण, वर चार बोटं माती. बास."

पालापाचोळा भरला. शेण पुलाजवळच्या हैबतरावांच्या गोठ्यातून आलं, ते पाटीवर पाटी करून दत्तात्रेयांनी डोक्यावरून आणलं, आणि पुलावरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला थांबून नमस्कारही केला. वाफे तयार झाले. वृंदाताईंनी बियाण्यांच्या पुड्या आणल्या: वाल, मुळा, मेथी, माठ, कोथिंबीर.

मुळ्यात किती अंतर ठेवावं यावर वाद सुरू झाला. सर म्हणाले, पंधरा सेंटिमीटर. दत्तात्रेय म्हणाले, दहा पुष्कळ, गच्चीवर मी आठावर लावलेत. सरांनी पट्टी आणली. दत्तात्रेयांनी पट्टी कुंडीत चालते, जमिनीत चालत नाही, असा सिद्धांत मांडला. सरांनी तो सिद्ध करून दाखवायला सांगितलं. अर्ध्या तासाने दोघांचं सहा बोटांवर एकमत झालं आणि ते वाफ्याकडे वळले, तर सीताबाई हात धूत होती.

"झालं सगलं पेरून," ती म्हणाली. "वाल दोरीखाली, मुला पलीकडं. आता पानी घाला, झारीनं. नुसती बादली ओतू नका."

दसऱ्याला अजून तीन दिवस होते. वृंदाताईंनी शहाबादी फरशीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दत्तात्रेय संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते. पण वाल वर येताना बघून जावं असं त्यांच्या मनात आलं, आणि ते राहिले. तांबड्या मातीची पोती पडवीत भिंतीला टेकून उभी राहिली. दोघं सकाळ-संध्याकाळ आळीपाळीने झारी घालत. आपल्या पाळीला दुसऱ्याने घातलं तर चिडत.

सहाव्या दिवशी सकाळी वृंदाताई चहा घेऊन मागच्या दारात आल्या, तर दोघं वाफ्याशी उकिडवे बसलेले.

"आला!" दत्तात्रेय कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर तो परत आत जाईल.

मातीतून एक इवलासा कोंब वर आला होता, दोन हिरवी गोल पानं उघडलेली. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. इतकी वर्षं कागदावर रंगवलेलं काहीतरी पहिल्यांदा स्वतःहून हिरवं झालं होतं.

"काय डौल आहे," ते म्हणाले. "काय सममिती आहे पानांत!"

"चहा गार होतोय," वृंदाताई म्हणाल्या. कुणी हललं नाही. मग त्यांनीही पायरीवर बसून आपला चहा तिथेच प्यायला सुरुवात केली.

सीताबाई कळशी घेऊन विहिरीकडे निघाली होती. ती थांबली, दोघांच्या खांद्यांवरून वाकून बघितलं.

"सर, त्यो टाकळा हाय, तण," ती म्हणाली. "उपटून टाका. वाल ह्यो बघा, हितं, तुमच्या पायाशी."

दोघांनी मान वळवली. हातभर अंतरावर, माती उचलून, वाकडी मान काढून, वाल खरंच वर येत होता. दत्तात्रेयांनी टाकळ्याकडे एकदा बघितलं, सरांनीही बघितलं, पण तो उपटायला काही कुणाचा हात झाला नाही. मग दोघेही उकिडवेच, न उठता, हातभर बाजूला सरकले.